अनुभव धागा: जिथे फक्त स्लो थांबते

मंडळी, मुंबई लोकलच्या मोठ्या स्टेशनांबद्दल भरपूर लिहून येतं. चिंचपोकळी, करी रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, ठाकुर्ली, कोपर, नाहूर यांच्या वाट्याला मात्र इंडिकेटरवरची एक ओळ येते. फास्ट तिथे थांबत नाही आणि घोषणेतही नाव घाईत उरकलं जातं. पण अशा स्टेशनाचं बांधकाम नीट पाहिलं, तर प्रत्येक डागडुजीवर काळाची खूण सापडते. ज्यांनी रेल्वेत काम केलंय किंवा ज्यांनी या गोष्टी बारकाईने पाहिल्यात, त्यांनी इथे लिहावं. एकच विनंती: आपल्या प्रवासाच्या आठवणी नकोत. वस्तू सांगा, मापं सांगा, काय बिघडतं आणि का बिघडतं ते सांगा.

१. फलाट (बांधकाम खात्यातून)

लहान स्टेशनाचा इतिहास वाचायचा तर सुरुवात फलाटाच्या कडेपासून करावी. पूल किंवा तिकीटघराकडून चालायला लागा आणि कडेच्या दगडांवर लक्ष ठेवा. आधी जुने घडीव काळे दगड लागतात, पुढे एके ठिकाणी काँक्रीटची कड सुरू होते, आणखी पुढे तिसऱ्याच प्रकारची. हे सांधे म्हणजे गाडीच्या वाढत्या लांबीची नोंद आहे. एक डबा साधारण २१ मीटरचा. नऊ डब्यांना १९० मीटर लागतात, बारा डब्यांना अडीचशे आणि पंधरा डब्यांना सव्वातीनशेच्या आसपास. हार्बर मार्गावर बारा डब्यांच्या गाड्या २०१६ मध्ये सुरू झाल्या, त्यामुळे तिथल्या फलाटांवरचा शेवटचा सांधा अजून ताजा दिसतो. पंधरा डब्यांची गाडी पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये आली, पण ती सगळीकडे थांबत नसल्याने बरीच लहान स्टेशनं बारावरच राहिली.

वाढवलेल्या भागावर छप्पर नंतर येतं किंवा येतच नाही. पावसाळ्यात टोकाच्या डब्यांसमोर गर्दी विरळ आणि मधल्या डब्यांसमोर दाट दिसते, त्याचं हे साधं कारण.

आता उंची. उपनगरी फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून मोजतात. पूर्वी ७६० ते ८४० मिलिमीटर चालत असे. गाडी आणि फलाट यांच्यामधल्या पोकळीत पडून झालेल्या अपघातांनंतर मुंबई उच्च न्यायालयात हा विषय गेला आणि फलाट ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत उचलण्याचं काम हाती घेतलं गेलं. अनेकांना वाटतं, आणखी एक फूट उचलला तर पायरीच राहणार नाही. तसं करता येत नाही. लोकलचा डबा ३६६० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे रुळांच्या मध्यापासून एका बाजूला १८३०. फलाटाची कड असते १६७० ते १६८० वर. थोडक्यात, डब्याचा तळ फलाटाच्या कडेवरून जवळजवळ १५ सेंटिमीटर आत येतो. फलाट जास्त उंच केला तर डबाच घासेल.

सरळ फलाटावर हे जमून जातं. वळणावर त्रास होतो, कारण डबा सरळ असतो आणि रूळ वाकलेला. फलाट वळणाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर डब्याचा मधला भाग फलाटापासून दूर जातो, आतल्या बाजूला असेल तर दोन्ही टोकं. म्हणून अशा स्टेशनावर 'फट सगळ्या दारांना सारखी' असं कधीच नसतं. रोजच्या प्रवाशांनी आपल्या दाराची फट एकदा गाडी थांबलेली असताना नीट पाहून ठेवावी.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फलाट खचत नाही, रूळ वर येतो. रुळाखालची खडी भरून ठोकण्याचं काम वारंवार होतं आणि दर वेळी रूळ थोडा उचलला जातो. काही वर्षांत तोच फलाट दोन-तीन इंचांनी बुटका झालेला असतो. मग फलाट उचला, नाहीतर खडी काढून रूळ खाली घ्या. एखाद्या स्टेशनावर जुन्या बाकांच्या पायांचा खालचा भाग लाद्यांत गाडला गेलेला दिसला, बसल्यावर गुडघे वर येत असतील, तर तिथला फलाट नंतर उचललाय हे नक्की समजावं.

२. पाटी आणि अक्षरं (परिचालन विभागातून)

पिवळ्या पाटीवर तीन भाषांच्या ओळी असतात आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये. या उंचीचा उपयोग प्रवाशाला नाही, पण दोन स्टेशनांच्या पाट्या शेजारी ठेवल्या की चढ-उताराचा अंदाज येतो. पावसात पाणी कुठे धावणार तेही त्यातून कळतं.

खरा इतिहास मात्र इंडिकेटरवरच्या अक्षरांत आहे. कुर्ला लोकलला 'सी' का? कारण जुन्या कागदांत या गावाचं इंग्रजी स्पेलिंगच 'सी' ने सुरू होत असे. स्टेशनचा सांकेतिक कोडही 'सीएलए' आहे. ठाण्याचा 'टीएनए' हा तसाच, 'टॅना' या जुन्या उच्चाराचा अवशेष. कसाऱ्याला 'एन' आणि कर्जतला 'एस' यांचं उत्तर कल्याणला मिळतं. तिथे मार्ग फुटतो, एक ईशान्येला इगतपुरीकडे आणि दुसरा आग्नेयेला पुण्याकडे. इंग्रजीत या दिशांची पहिली अक्षरं एन आणि एस. नव्याने मुंबईत आलेल्या माणसाला 'एस' पाहून 'स्लो' वाटते आणि तो नाहूरला उतरायचं असताना कर्जत फास्टमध्ये चढतो. अक्षर गंतव्याचं असतं, फास्ट की स्लो ते वेगळ्या खान्यात, आणि डब्यांची संख्या आणखी वेगळ्या. तिन्ही खाने वाचायची सवय करावी.

नाव बदलण्याबद्दल. ठराव राज्याचा असतो, पण त्यानंतर केंद्रीय गृहमंत्रालयाचं ना-हरकत लागतं आणि तिथून रेल्वे, टपाल खातं, भारतीय सर्वेक्षण विभाग यांचं मत घेतलं जातं. मग पाट्या, तिकीट छपाई, उद्घोषणा, कोड, वेळापत्रक, सगळं बदलतं. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ च्या जुलैत झालं. २०२४ मध्ये राज्याने करी रोडला लालबाग, सँडहर्स्ट रोडला डोंगरी, कॉटन ग्रीनला काळाचौकी, डॉकयार्ड रोडला माझगाव अशी नावं पुढे केली. ही सगळी लहान स्टेशनंच आहेत हे लक्षात घ्या. ज्या वस्तीच्या मधोमध ती उभी आहेत त्या वस्तीचं नाव स्टेशनाला कधी मिळालंच नव्हतं.

३. तिकीट खिडकीच्या आतून

जाड पुठ्ठ्याचं तिकीट आठवत असेल. माप साधारण ५७ बाय ३० मिलिमीटर. खिडकीच्या आत एक लाकडी कपाट असे आणि त्यात प्रत्येक ठिकाणासाठी, प्रत्येक वर्गासाठी एक उभी नळी. तिकिटं क्रमांकाने रचलेली, सर्वांत लहान क्रमांक तळाला. तिकीट खालून ओढायचं, तारीख छापणाऱ्या लोखंडी यंत्राच्या फटीत खटकन सरकवायचं आणि खिडकीतून पुढे करायचं. पाळी संपली की प्रत्येक नळीचा खालचा क्रमांक वहीत उतरवायचा. सकाळचा क्रमांक वजा केला की विकलेली तिकिटं, गुणिले भाडं, आणि तेवढी रोकड गल्ल्यात असलीच पाहिजे. क्रमांक चुकून वर-खाली रचला गेला तर हिशेब जुळायला रात्र जायची. तारखेचे शिक्के रोज बदलावे लागत आणि शाईची फीत सुकली की तारीख पुसट येई. तपासनिसाशी होणाऱ्या निम्म्या वादांचं मूळ तिथे असे.

त्यानंतर कुपन आली. पुस्तिकेतली कुपन फाडून, फलाटावरच्या यंत्रात घालून, वेळ आणि स्टेशन छापून घ्यायचं. यंत्रातली शाई संपली की कुपन कोरीच बाहेर येत. पुढे स्मार्ट कार्डवर चालणारी एटीव्हीएम, म्हणजे स्वतःच तिकीट काढायची यंत्रं, आली, आणि २०१४ च्या डिसेंबरात मोबाइलवरचं यूटीएस ॲप.

मोबाइल तिकिटाचं सगळ्यात जास्त काय चुकतं? माणूस फलाटावर येऊन तिकीट काढायला जातो. कागदाविना तिकीट रुळाजवळ काढता येत नाही, जागा ओळखून ॲप नकार देतं. स्टेशनात शिरण्याआधी काढा. दुसरं, तिकिटाचा फोटो किंवा दुसऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट ॲपमध्येच दाखवावं लागतं, आणि मोबाइलची बॅटरी संपली तर तुम्ही विनातिकीट ठरता. दंड किमान २५० रुपये आणि वर भाडं.

पासाचा हिशेब एकदा समजून घ्या. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट, वार्षिक १०.८ पट. म्हणजे सलग तीन महिने जायचं असेल तर दर महिन्याला पास काढण्यापेक्षा तिमाही दहा टक्क्यांनी स्वस्त. वार्षिकात टक्केवारी तीच राहते, फक्त रांगेचे फेरे वाचतात. त्यामुळे बदलीची नोकरी असेल तर तिमाहीच बरा.

४. शेवटच्या डब्यातून

गार्ड या पदाला २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, तोंडात मात्र गार्डच आहे. लहान स्टेशनावर गाडी २० ते ३० सेकंद थांबते. तेवढ्यात त्याने फलाटाची पूर्ण लांबी पाहायची, कोणी लटकलेलं, अडकलेलं नाही याची खात्री करायची आणि मोटरमनला दोन घंटा द्यायच्या. दोन म्हणजे निघा, एक म्हणजे थांबा. निघताना एखादा माणूस घसरला तर ती एक घंटा आणि गार्डच्या हातातला ब्रेक, एवढंच त्याच्याकडे असतं.

मोटरमनसाठी फलाटाच्या टोकाला डब्यांच्या संख्येनुसार थांबण्याच्या पाट्या असतात. नऊची गाडी बाराच्या पाटीला नेली तर मागचे लोक धावत सुटतात. वळणदार फलाटावर गार्डला पुढचे डबे दिसतच नाहीत. तिथे आरसे किंवा कॅमेऱ्यांचे पडदे लावलेले असतात आणि पावसात दोन्ही धूसर होतात.

साखळी ओढण्याबद्दल. ओढली की ब्रेक लागतो, पण ती साखळी परत बसवायला त्या डब्यापर्यंत कोणाला तरी जावंच लागतं. बाहेरून दिसणारी खूण पाहून डबा शोधा, गर्दीतून वाट काढा, झडप बसवा, हवेचा दाब पुन्हा तयार होऊ द्या. यात काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात मागे दोन-तीन गाड्या उभ्या राहतात. पिशवी फलाटावर राहिली एवढ्यासाठी साखळी ओढू नका, ती परत मिळवायचा मार्ग खाली कोणी तरी लिहीलच.

५. रुळावरून

वरची मंडळी फलाटाबद्दल लिहून गेली, आता खाली उतरू.

लोकल बंद असते ती रात्री साडेबारा-एकपासून पहाटे चारपर्यंत. तेवढ्यात आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये मिळून सगळी दुरुस्ती. एक किलोमीटरमध्ये साधारण १६६० काँक्रीट स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या तुळया. प्रत्येक स्लीपरवर रूळ जखडणाऱ्या चार लोखंडी क्लिपा, म्हणजे किलोमीटरला साडेसहा हजारांच्या वर. कीमन रोज आपला टप्पा पायी चालतो, सैल झालेली क्लिप हातोड्याने बसवतो, गायब झालेली नोंदवतो. खारी हवा आणि डब्यांतून पडणारं पाणी यामुळे फलाटासमोरच्या क्लिपा गंजून इतक्या घट्ट बसतात की निघता निघत नाहीत. म्हणून त्यांना ग्रीस लावण्याचं वेगळं काम असतं. लहान स्टेशनावर गाडी सुटल्यावर पिवळा-नारिंगी सदरा घातलेला माणूस खाली वाकून काही ठोकताना दिसतो, तो हेच करत असतो.

थंडीत रूळ का तडकतो? रूळ आता सलग जोडलेले असतात, पूर्वीसारखी ठरावीक अंतरावर फट नसते, म्हणून तो जुना 'खडक-खडक' आवाजही राहिला नाही. रूळ एका ठरावीक तापमानाला ताणरहित बसवतात. डिसेंबर-जानेवारीत बदलापूर, वांगणी, शेलू या पट्ट्यात पहाटे तापमान घसरलं की लोखंड आकसू पाहतं, पण क्लिपांनी जखडलेलं असल्याने आकसता येत नाही. सगळा ताण सर्वांत कमकुवत जागी जातो आणि ती जागा बहुतेकदा जोडाची असते. म्हणून 'रुळाला तडा' ही बातमी नेहमी पहाटेची.

तडा दिसला की कीमन आधी दुरुस्ती करत नाही, आधी गाडी अडवतो. तड्याच्या जागी लाल निशाण, मग येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत जाऊन ६०० मीटरवर रुळावर एक फटाका, आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. चाक फटाक्यावरून गेलं की स्फोटाचा आवाज होतो आणि मोटरमन ब्रेक लावतो. मग तड्याच्या दोन्ही बाजूंना उंचवटा असलेल्या पट्ट्या लावून शिकंज्याने आवळतात. पहिल्या गाड्या ताशी २० किलोमीटरने सोडतात. रात्री तुकडा कापून नवीन जोड वितळवून बसवतात. सकाळी साडेसहाला तडा गेला की अकरापर्यंत वेळापत्रक का सावरत नाही, ते यावरून कळेल. एकेक गाडी दोन-दोन मिनिटं गमावते आणि गर्दीच्या वेळी त्या मागोमाग तीन-चार मिनिटांच्या अंतराने येत असतात.

पावसाचं गणित वेगळं. दोन्ही रुळांमधून कमी दाबाचा प्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिच्या आसांमुळे दोन रूळ जोडले जातात, प्रवाह उपकरणापर्यंत पोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. आता खडीत गाळ, माती, प्लास्टिक साचलं आणि त्यावर पाणी आलं की प्रवाह त्या चिखलातूनच एका रुळावरून दुसऱ्यावर झिरपतो. यंत्रणेला वाटतं गाडी उभी आहे. सिग्नल लाल. लोक याला 'सिग्नल बिघडला' म्हणतात, पण ती यंत्रणा आपलं काम चोख करत असते: शंका आली की लाल. स्वयंचलित सिग्नलला मोटरमन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून दबकत पुढे जाऊ शकतो. अशा पाच सिग्नलांवर पाच मिनिटं, आणि मागे रांग.

पाणी रुळाच्या माथ्यावर चार इंचांच्या पुढे गेलं की जुन्या गाड्या थांबवाव्याच लागत. मोटरी डब्याखाली चाकांपाशीच असतात. सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे सरकते रूळ) बदलणारी यंत्रंही रुळालगत असल्याने ती आधी बुडतात. इथे लहान स्टेशनाला एक फायदा आहे. जिथे सांधेच नाहीत तिथे ते बिघडण्याचा प्रश्न येत नाही. चिंचपोकळीसारख्या ठिकाणी गाडी नुसती येते, थांबते, जाते. सिग्नल आपोआप चालतात.

पावसाळ्याआधीचं काम एप्रिलपासून सुरू होतं. नाले आणि रुळाखालच्या मोऱ्या उपसा, खडी चाळून गाळ वेगळा करा, तो गाळ 'मक स्पेशल' गाडीत भरून न्या, सखल जागी पंप बसवा. यात सगळ्यात जास्त चुकतं ते हे: गाळ काढून रुळाशेजारीच ढीग घातला जातो, आणि गाडी मिळेपर्यंत जूनची पहिली सर येते. ढीग पुन्हा खडीत. उपसा आणि वाहतूक एकाच रात्री झाली नाही तर उपसा झालाच नाही असं धरावं. रेल्वेच्या हद्दीबाहेरचा नाला तुंबलेला असेल तर आतलं सगळं काम फुकट जातं, कारण पाणी उलट आत येतं.

६. वरची तार (विद्युत विभागातून)

भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. दाब १५०० व्होल्ट, डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज). पश्चिम बाजूला वीज १९२८ च्या जानेवारीत आली. डीसीला दर काही किलोमीटरवर उपकेंद्र लागतं, म्हणून लहान स्टेशनांच्या आसपासही उंच खिडक्यांच्या भक्कम इमारती दिसतात. २५,००० व्होल्ट एसीकडे (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेकडे) बदल पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ च्या एप्रिलमध्ये पूर्ण झाला. एसीला उपकेंद्रं कमी लागतात, त्यामुळे त्या इमारतींचं मूळ काम संपलं.

एसीचा दाब जास्त, म्हणून तार आणि पूल यांच्यात मोकळी जागाही जास्त हवी. जुने रस्त्याचे पूल डीसीच्या हिशेबाने बेताच्या उंचीचे होते. पूल उचलता येईना तिथे रूळ खाली घ्यावा लागला, आणि रूळ खाली गेला की वर सांगितलेलं पाणी तिथेच साचतं. गाडी एखाद्या पुलाखाली रोज हळू होत असेल तर हे एक कारण असू शकतं.

पादचारी पुलावर तारेच्या वर जाळी किंवा पत्रा असतो, तो काढू नये, त्यातून छत्रीची काडी खाली घालू नये. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागावा लागत नाही. दोन मीटरच्या आत शरीर किंवा कोणतीही वस्तू न्यायची नाही, हा नियम आहे. गाडीच्या टपावर चढणाऱ्याला तार 'ओढते' ती यामुळेच.

७. पूल

लहान स्टेशनाला बहुधा एकच पूल, त्यामुळे सगळा भार तिथे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. त्यानंतर लष्कराने तीन पूल बांधून दिले, एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली. २७ फेब्रुवारी २०१८ ला ते खुले झाले. तीनपैकी दोन लहान स्टेशनं आहेत.

कोंडी कशी होते ते समजून घेतलं तर टाळता येते. पाऊस येतो. छत्री नसलेले लोक जिन्याच्या तळाशी आणि वरच्या तोंडाशी थांबतात. त्याच वेळी अप आणि डाऊन दोन्ही गाड्या येतात. पूल मागून भरत राहतो आणि पुढून रिकामा होत नाही. मागच्यांना पुढचं दिसत नाही, ते ढकलतात. म्हणून पुलावर शिरण्याआधी वर पाहा. जिन्यावरची माणसं दहा सेकंदांत एकही पायरी हलली नाहीत, तर फलाटावरच थांबा आणि पूल रिकामा होऊ द्या. पुलावर अडकलात तर हात छातीसमोर धरा, पिशवी पाठीवरून काढून पुढे घ्या, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका.

८. राहिलेली पिशवी

साखळीचा विषय निघाला म्हणून. गाडीत वस्तू राहिली तर रेल्वेच्या मदत क्रमांक १३९ वर किंवा स्टेशनावरच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगा, पण नुसतं 'कर्जत लोकलमध्ये राहिली' म्हणून उपयोग नाही. असं सांगा: ६.४२ ची कर्जत स्लो, मोटरमनकडून चौथा डबा, मधलं दार, डावीकडची रॅक, निळी पिशवी. पुढच्या मोठ्या स्टेशनाला निरोप जातो आणि तिथला माणूस गाडी उभी असताना तेवढीच जागा पाहू शकतो. डबा माहीत नसेल तर शोध शेवटच्या स्टेशनावर, गाडी रिकामी झाल्यावर. लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक १५१२.

९. छप्पर आणि लोखंड

छप्पर पेलणारे खांब जवळून पाहा. बऱ्याच स्टेशनांवर ते खास बनवलेले नाहीत, दोन जुने रूळ पाठीला पाठ लावून उभे केलेत. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरं असतात: कारखान्याचं नाव, वर्ष, महिना आणि यार्डाला किती पौंड ते वजन. महिना कधी रोमन आकड्यात, कधी नुसत्या उभ्या रेघांत. रंगाचे दहा थर चढलेले असल्याने समोरून काही दिसत नाही. मोबाइलचा दिवा खांबाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा, सावलीत अक्षरं उठून येतात. कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली तरी ठसा मिळतो. रंग मात्र खरवडू नका.

ते वर्ष म्हणजे छपराचं वर्ष नव्हे. रूळ आधी गाड्यांखाली झिजलाय, मग खांब झालाय. त्यातून एवढंच ठरतं की छप्पर त्या वर्षाच्या आधीचं नाही. आणि हे फक्त फलाटावरच्या खांबांवर करायचं. रुळात उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

ओतीव लोखंडाचे पोकळ खांब असतील तर छपराचं पाणी बऱ्याचदा त्यांच्या पोटातूनच खाली उतरतं. वरच्या तोंडाशी पानं आणि कबुतरांची घरटी साचली की पाणी आत तुंबतं आणि खांब आतून गंजतो, बाहेर रंग चकचकीत. खांबाच्या बुडाशी, लादीच्या सांध्यातून तांबूस ओघळ येत असेल तर स्टेशनावरच्या तक्रार वहीत खांबाची जागा लिहून कळवा. हे काम रंगाऱ्याचं नाही, गवंडी-लोहाराचं आहे.

१०. स्थापनेची तारीख

लहान स्टेशनाबद्दल लिहिताना सर्रास होणारी चूक: मार्गाची तारीख स्टेशनाला चिकटवणं. बोरीबंदर ते ठाणे मार्ग १६ एप्रिल १८५३ चा आणि तो कल्याणपर्यंत १ मे १८५४ ला गेला, म्हणून मधलं प्रत्येक स्टेशन तेव्हाचं नाही. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं नाहूर २००६ चं. पश्चिमेला राम मंदिर २०१६ च्या डिसेंबरातलं. नवी मुंबईकडे खारकोपर २०१८ चं आणि दिघा गाव १२ जानेवारी २०२४ चं. या सगळ्यांच्या फलाटांवर एकही सांधा सापडणार नाही, ते पहिल्यापासूनच लांब बांधलेत.

तारीख शोधताना चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत. मार्ग कधी झाला? गाडी तिथे थांबायला कधी लागली? आजच्या जागी इमारत कधी आली? आणि फलाट कधी सरकला किंवा वाढला? चारही उत्तरं वेगळी निघू शकतात. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्या वेळची स्टेशनं नोंदलेली आहेत. त्यात नाव नसेल तर स्टेशन बहुधा नंतरचं.

रे रोडचं उदाहरण घ्या. नाव १८८५ ते १८९० मधल्या गव्हर्नरचं, म्हणून काही जण स्टेशनही तेव्हाचंच धरतात. पण कुर्ल्याहून रे रोडपर्यंतचा मार्ग सुरू झाला १२ डिसेंबर १९१० ला, आणि तिथून पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत गाडी गेली १९२५ मध्ये, विजेबरोबरच. मधली चौदा वर्षं रे रोड हे शेवटचं स्टेशन होतं. पुढचा मार्ग दाट वस्तीतून न्यायचा तर जमिनीवर जागा नव्हती, म्हणून तो उचलून खांबांवरून नेला, आणि सँडहर्स्ट रोडला खाली मुख्य मार्गाचे फलाट आणि वर हार्बरचे असे दोन मजले झाले. खालचा फलाट आणि वरचा फलाट यांची तारीख एकच लिहिलेली दिसली, तर ती नोंद पुन्हा तपासावी.